वळणापलीकडचं बोलणं

१

गाडी शिकवायचा धंदा करणाऱ्या माणसाला सुट्टीतसुद्धा सुटका नसते. मॅडम स्वतःच चालवत होती, तरी प्रत्येक चढावर तिच्या तोंडून पुटपुटणं चालूच होतं. "हळू... क्लच... आता सोड, हळूहळू सोड." शेजारच्या सीटवर डॅशबोर्डवर पाय टाकून बसलेली वन्सं त्यावर खिदळत होती.

"कुणाला शिकवतेयस? मला की गाडीला?"

"सवय गं. तू पाय खाली घे आधी."

शहरातल्या निम्म्या बायका मॅडमच्या हाताखाली तयार झालेल्या होत्या. स्टिअरिंगला मिठी मारणाऱ्या, ब्रेक समजून भलतंच दाबणाऱ्या, चौकात गाडी बंद पडली की रडायला लागणाऱ्या, अशा सगळ्यांशी ती एकाच आवाजात बोलायची. सपाट, थंड, कधी न चढणारा आवाज. समोरून ट्रक अंगावर येत असला तरी तोच. त्या आवाजावर तिचं घर चालत होतं.

वन्सं ही खरं तर तिची कॉलेजातली मैत्रीण. एका बाकावर बसायच्या, एकमेकींच्या ओढण्या घालायच्या. पुढे मॅडमनं तिच्याच भावाशी लग्न केलं आणि मैत्रीण एका दिवसात नणंद झाली. तेव्हापासून मॅडम तिला थट्टेनं 'वन्सं' म्हणू लागली आणि ती हिला 'वहिनी'. "अगं वन्सं, जरा चहा टाक गं," असा तो सगळा मान. थट्टेतलं नाव चिकटलं ते चिकटलंच. वर्षातून एकदा दोघींनीच गाडी काढून कुठेतरी डोंगरात जायचं, हा नेम मात्र लग्नाआधीपासूनचा होता आणि तो कुणी मोडला नव्हता.

वन्संचा संसार मोडला तेव्हा ती एक बॅग घेऊन भावाकडे आली. चार दिवसांसाठी. मॅडमनं मागच्या खोलीतले वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, शिकाऊ बायकांसाठी ठेवलेलं लाकडी स्टिअरिंग, बाकं, सगळं उचलून गॅलरीत ताडपत्रीखाली ठेवलं. त्या ताडपत्रीवरून आता दोन पावसाळे गेले होते. तक्त्यांचे रंग सुटले होते. कुणी काही बोललं नव्हतं.

"एक सांगायचं राहिलं," वन्सं म्हणाली. "मी दादाशी बोलले. आता ते जागा बघणं वगैरे बंद. मी तुमच्याकडेच. कायमची."

"कधी बोललीस?"

"झाले आठ-दहा दिवस. त्यानं सांगितलं नाही तुला?" वन्सं हसली. "टरकला असेल. वहिनीला कोण सांगणार!"

"बरं झालं की," मॅडम म्हणाली.

आवाज नेहमीसारखाच निघाला. पुढचं वळण मात्र तिनं जरा जोरात घेतलं.

रस्ता डोंगराला गुंडाळत वर चालला होता. दोन्ही बाजूंना ओलं, दाट, श्वास कोंडणारं हिरवं. गरम हवेला कुजक्या पानांचा वास. काचा खाली होत्या आणि गाडी दमानं चढत होती, तेवढ्यात वरच्या वळणापलीकडून हसण्याचा आवाज आला. बाईचं हसणं. मोकळं, लांबलचक, आणि शेवटी उचकी लागल्यासारखं तुटलेलं.

"कुणीतरी मजेत आहे वरती," मॅडम म्हणाली.

वन्संचं लक्ष नव्हतं. ती मोबाइलची रेंज शोधत होती. गाडी वळली. पलीकडे कुणी नव्हतं. दगडी कठडा, त्यावर शेवाळ, खाली ढग.

वन्संनं मोबाइल मांडीवर टाकला. "तुझी ती बँकवाली विद्यार्थिनी आठवली," ती म्हणाली, "परीक्षेच्या दिवशी गाडीत बसली ती मागच्या सीटवर. वर म्हणते, स्टिअरिंग कुठंय?" आणि ती स्वतःच हसत सुटली. मोकळं, लांबलचक, शेवटी उचकी लागल्यासारखं.

मॅडमनं नजर रस्त्यावरून हलवली नाही. डोंगरात आवाज घुमतात, हे तिला ठाऊक होतं. घुमतात, पण नंतर. हसल्यानंतर. हा विचार तिनं तिथंच अर्धवट टाकला आणि गिअर बदलला.

२

लॉज एका लांबच लांब बोळासारखी होती. एका बाजूला ओळीनं खोल्या, दुसऱ्या बाजूला जाळीची भिंत आणि त्यापलीकडे रबराच्या झाडांचा मळा. दुपारचं ऊन असूनही फरशी ओली होती. दुसरं कुणी उतरलेलं नव्हतं. हवा खेळावी म्हणून सगळ्या खोल्यांची दारं सताड उघडी ठेवलेली होती. मालकानं फळ सोलता सोलता किल्ली पुढे केली. "शेवटची. तेवढीच बंद आहे, ती तुमची."

वन्सं गाडीतून सामान काढत होती. मॅडम किल्ली घेऊन एकटीच बोळातून निघाली.

दारापाशी पोचली, किल्ली कुलपाला लावली, आणि आतून बाईचा आवाज आला. दमलेला, कुरकुरणारा.

"पंखा चालत नाही वाटतं."

त्यापाठोपाठ खाटेच्या स्प्रिंगा करकरल्या.

मॅडमनं हात मागे घेतला. मग दारावर टकटक केलं. "कोण आहे?"

"उघडा की," मालक बोळाच्या त्या टोकाहून ओरडला. "रिकामीच आहे."

तिनं उघडलं. दोन लोखंडी खाटा, वर गाठ मारून टांगलेल्या मच्छरदाण्या, भिंतीला बेसिन. खिडकीला बाहेरून गज. खाटेखाली वाकून बघावंसं वाटलं म्हणून ती वाकलीसुद्धा. धूळ होती. धुळीवर काही उमटलेलं नव्हतं.

वन्सं दोन्ही बॅगा ओढत आली. भिंतीवरचं बटण दाबलं, मान वर करून बघितलं.

"पंखा चालत नाही वाटतं," ती म्हणाली आणि धाडकन खाटेवर पडली. स्प्रिंगा करकरल्या.

मॅडम किल्ली हातात धरून दारातच उभी राहिली.

"अशी काय बघतेस? सांग ना त्या माणसाला."

"सांगते."

संध्याकाळी वन्सं अंघोळीला गेल्यावर मॅडमनं शेजारच्या दोन्ही खोल्या पाहून घेतल्या. गाद्या गुंडाळलेल्या, बेसिनं कोरडी. भिंतीवर बोटानं ठोकून पाहिलं. भिंत जाड होती. तिला ती पातळ निघायला हवी होती.

दिवसभर गाडी चालवली की कानात दडे बसतात. डोकं दमतं, आधी काय ऐकलं आणि नंतर काय, याची गल्लत होते. तिनं स्वतःला असं समजावलं आणि ते तिला पुष्कळसं पटलंही. वन्संला सांगायचं नाही, एवढं तिनं ठरवलं. वन्संला सांगणं म्हणजे सगळ्या नातेवाइकांना सांगणं. 'वहिनीला भुतं ऐकू येतात' हे पुढची दहा वर्षं प्रत्येक जेवणात ताटात वाढलं गेलं असतं.

३

सकाळी दोघी डोंगरावर निघाल्या. वर एक धबधबा होता, तिथवर जायचं आणि त्याच पायवाटेनं परत यायचं. मोठी सॅक मॅडमच्या पाठीवर होती; पाणी, डबा, टॉवेल, औषधं, सगळं तिच्यात. वन्संकडे फक्त टोपी होती.

वाट म्हणजे झाडांच्या मुळ्यांचा जिना. पाय ठेवावा तिथं जळवा. अंगातून घामाच्या धारा आणि हवा अशी, की ओल्या फडक्यातून श्वास घेतोय असं वाटावं. मधेच एक मोठा उतरता खडक वाट अडवून पसरला होता, उजवीकडे खोल दरी. तिथं दोघी एकमेकींचा हात धरून, हसत, खेकड्यासारख्या आडव्या चालत पार झाल्या.

"त्या खोलीला मी पिवळा रंग देणार आहे," वन्सं म्हणाली. "आणि गॅलरीतलं ते भंगार काढून टाकू या गं. मला तिथं कुंड्या ठेवायच्यात."

"भंगार नाहीये ते."

"ताडपत्रीखाली दोन वर्षं सडतंय, त्याला काय म्हणतात मग?"

मॅडम पुढे चालत राहिली.

ऊन डोक्यावर आलं असेल. वाट एका मोठ्या झाडाला वळसा घालून जात होती आणि त्या वळणापलीकडून दोन बायकांचा आवाज आला. दोघींनी ऐकला.

"चला, कुणीतरी भेटलं एकदाचं," वन्सं म्हणाली. उतरणाऱ्यांना वाट द्यावी म्हणून त्या बाजूला सरून उभ्या राहिल्या.

आवाज जवळ येईनात. जिथल्या तिथंच होते. एक बाई रडत, ओरडत होती, घसा फाटेपर्यंत. "मी नाही सोडणार! तू मला सोडतेयस! तू सोडतेयस मला!"

आणि दुसरी, सपाट, थंड, जराही न चढलेल्या आवाजात. "सोड. हळूहळू सोड. मी आहे ना."

मग झाडी फाटल्यासारखा आवाज, दगड घरंगळत गेल्याचा, आणि त्यानंतर काही नाही.

"अगं, पडलं कुणीतरी!" वन्सं धावली. मॅडमही धावली. वळणापलीकडे पायवाट तशीच सरळ वर गेली होती. दोन्ही बाजूंना सपाट जमीन. पडायला जागाच नव्हती. चिखलावर एक पाऊल नव्हतं. वाटेवर आडवं, छातीच्या उंचीवर, कोळ्याचं एक भलंमोठं जाळं होतं. अखंड. मध्यावर कोळी स्वस्थ बसलेला.

वन्सं जाळ्याकडे बघत राहिली. मग हळूच वळली.

"वहिनी. तो तुझा आवाज होता."

"काहीतरीच."

"तुझाच होता."

"माझा आवाज असा नाहीये."

"तुला काय माहीत कसा आहे? स्वतःचा कुणाला कळतो? मी रोज ऐकते गं तो. खिडकीखाली तू त्या बायकांना शिकवतेस ना, अगदी तसाच. तेच शब्द." ती थांबली. "पण दुसरी कोण होती?"

दुसरी कोण होती हे मॅडमनं पहिल्या शब्दालाच ओळखलं होतं. वीस वर्षं ती तो आवाज ऐकत होती. तो हसताना ऐकला होता, कोर्टाच्या पायऱ्यांवर रडताना ऐकला होता.

"कोण जाणे," ती म्हणाली.

"मी तर नव्हते ना?"

"तुझा एवढा घोगरा नाही."

वन्संनं तिच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "परत जाऊ या," ती म्हणाली.

४

त्या परत फिरल्या. उतरताना मॅडम बोलत राहिली. समोरच्या डोंगरावर कुणीतरी असेल, दरीमुळे आवाज कुठून येतो ते कळत नाही, भांडणाऱ्या बायका सगळ्या सारख्याच ऐकू येतात. बोलता बोलता तिला स्वतःलाच आपला आवाज ऐकू यायला लागला आणि ती गप्प झाली.

थोडं खाली आल्यावर पुढच्या वळणापलीकडून पुन्हा तेच. "मी नाही सोडणार!" या वेळी खालून. मघाशी ते वर होतं, आता त्या खाली चालल्या होत्या तर ते खाली होतं. त्या ज्या दिशेला तोंड करत होत्या, त्या दिशेला. आणि मघापेक्षा जवळ.

वन्सं वाटेतच बसली. "मी आहे ती," ती म्हणाली. "तुला कळलं होतं. खोटं बोललीस माझ्याशी."

"ऊठ. अंधार पडायच्या आत खाली पोचायचंय."

"शपथ घे. तो शब्द म्हणणार नाहीस."

"कसला शब्द?"

"माहितीये तुला. घे शपथ."

मॅडमनं घेतली. नवऱ्याची, तिच्या दादाची घेतली. वन्संनं नाक पुसलं, आणि मग एकदम तिला हसू फुटलं, रडण्याहून वाईट. "तुला मी नकोच आहे ना घरात? एकदा म्हणून टाक गं. दोन वर्षं तोंडातून ब्र काढला नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू नुसती बघतेस. आम्ही गाडी ठोकायची वाट बघत असल्यासारखी."

याला उत्तर होतं. मॅडमच्या मनात ते पुष्कळ दिवस तयार होतं. पण ते द्यायची ही जागा नव्हती, आणि खरं म्हणजे अशी जागा कधीच आली नव्हती.

"ऊठ," ती म्हणाली.

वन्सं उठली. पण पुढे चालेना. पुढे गेले तर ढकलशील, म्हणाली. मागेही राहीना; मागे राहिले तर टाकून जाशील. शेवटी तिनं मॅडमच्या सॅकचा पट्टा मागून दोन्ही हातांनी धरला आणि लहान पोर आईच्या पदराला धरून चालतं तशी निघाली. ढग खाली उतरून झाडांत शिरले होते. प्रत्येक वळणाआधी दोघी थांबायच्या, कान द्यायच्या. काही आलं नाही. असं दोन-तीनदा झालं आणि मॅडमच्या मनात आलं, संपलं बहुतेक.

मग ढगातून तो उतरता खडक पुढे आला.

५

सकाळी हसत पार केलेला खडक आता ओला झाला होता.

"पट्टा सोडून हात धर," असं मॅडम म्हणणार होती. 'सोडून' शब्द जिभेवर आला आणि तिनं तो गिळला. "हात दे," एवढंच म्हणाली. वन्संनं पट्टा आणखी घट्ट धरला.

त्या तशाच निघाल्या. अर्ध्यात आल्या असतील. मागे एक छोटासा आवाज झाला, चप्पल घासल्यासारखा, आणि मॅडमचे दोन्ही खांदे मागे खेचले गेले. ती फिरून पालथी आपटली, घसरली, आणि खडकाच्या काठावरच्या एका झाडाला तिचा हात लागला. तिनं त्याला मिठी घातली. पाठीमागे सॅकचा पट्टा ताणला गेला होता आणि त्याच्या टोकाला, कमरेपासून खाली दरीत, वन्संचं सगळं वजन लटकत होतं.

मॅडमनं मान वळवली. वन्संच्या उजव्या खांद्याला अगदी लागून, मनगटाएवढी जाड एक मुळी खडकातून बाहेर आली होती. पक्की, जुनी मुळी. एक हात मोकळा करून ती धरली की झालं. मॅडमला ते स्वच्छ दिसलं, शिकाऊ बाईचा पाय कुठल्या पेडलवर आहे ते न बघता कळतं तसं.

"मुळी धर. उजवीकडे. खांद्याशीच आहे."

"नाही! मी पडेन!"

"एक हात काढ. एकच. दुसरा राहू दे."

"नाही!"

"हात मोकळा कर. नीट ऐक माझं."

वन्सं तिच्याकडे बघत होती आणि काहीच ऐकत नव्हती. डोळे एवढे मोठे झाले होते. ती त्या एका शब्दाची वाट बघत होती. मॅडम दुसरे शब्द शोधत होती. ढिला कर, उचल, सरकव. पट्टा तिच्या गळ्याशी रुतत होता. झाड कण्हल्यासारखं वाजलं, बुंध्यातून बारीक चिर्र आवाज आला, आणि अशा वेळी तिची जीभ गेली तशीच गेली, रोजच्या वाटेनं. आवाज तसूभर चढला नाही.

"सोड. हळूहळू सोड. मी आहे ना."

वन्संच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं.

"मी नाही सोडणार!" ती ओरडली. घसा फाटला. "तू मला सोडतेयस! तू सोडतेयस मला!" आणि तिनं दोन्ही हातांनी पट्टा आणखी आवळला, मुळीकडे पाठ करून, पायांनी हवेत चढू बघत. झाड हललं. मॅडमच्या छातीखालचा खडक हातभर सरकला, म्हणजे तीच सरकली.

तिनं डावा खांदा आत घेतला आणि पट्ट्यातून काढला. मग मिठी बदलली, आणि उजवा काढला.

हे कुठल्याही वळणापलीकडून ऐकू आलेलं नव्हतं. हे करताना कसलाच आवाज होत नाही.

झाडी फाटत गेली, दगड घरंगळले. मग ढगात सगळं शांत झालं.

६

ती बराच वेळ झाडाला धरून पडून राहिली. मग गुडघ्यांवर सरकत पलीकडे गेली आणि एकदा हाक मारली. मोठ्यानं नाही. उत्तर आलं नाही. खाली वाकून तिनं पाहिलं नाही. ढगात दिसणार तरी काय होतं?

गाडीची किल्ली खिशात होती. तिनं चाचपून पाहिली आणि ती उतरायला लागली.

दादाला काय सांगायचं? पाय चालत होते आणि डोक्यात तेवढंच फिरत होतं. पाय सरकला, हे खरंच होतं. मी सांगत होते मुळी धर, हेही खरं. ती वाक्यं मांडून बघत होती, मोडत होती, पुन्हा मांडत होती. वाट एका खडकापाशी वळली, आणि वळणापलीकडून बाई बोलत असल्याचा आवाज आला.

तो या जंगलातला नव्हता. त्या आवाजाला भिंती होत्या. वर पंखा टिकटिकत होता, त्यांच्या बाहेरच्या खोलीतला, ज्याचं पातं कशाला तरी घासतं आणि दादा दर रविवारी दुरुस्त करीन म्हणतो. मॅडम थांबली.

"...तिचा पाय सरकला. मी हात पुढे केला होता. पोचलाच नाही रे. बोटं लागली नुसती."

या वेळी तिनं आवाज ओळखला. मघाशी अनोळखी वाटला होता तो आता अगदी आपला वाटला. त्यात रडं होतं, पण बेतानं. वाक्यं चांगली होती. तिला सुचत होती त्याहून पुष्कळ साधी आणि चांगली. ती खडकाला टेकून ऐकत राहिली आणि तिच्या नकळत तिचे ओठ हलायला लागले. बोटं लागली नुसती.

मग नवऱ्याचा आवाज. असा आवाज तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. सगळं आतलं काढून घेतल्यासारखा. "तू तरी काय करणार होतीस त्यात."

पंखा टिकटिकत राहिला.

"पण ती लगेच गेली नाही म्हणे," तो म्हणाला. "मळ्यातल्या बायकांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशीसुद्धा हाका येत होत्या. त्यांना वाटलं, कुणी सोबतिणीला बोलावतंय. सॅक होती ना तिच्याजवळ, पाणी होतं सगळं... तुझं नाव घेत होती म्हणे ती. तुला नाही आल्या ऐकू?"

यानंतर फार वेळ नुसता पंखा.

"मला ऐकू आल्या नाहीत," मॅडमचा आवाज म्हणाला.

वळणापलीकडे सगळं थांबलं. झाडांवरून पाणी ठिबकायला लागलं, किंवा मघापासून ठिबकतच होतं.

७

म्हणजे ती जिवंत होती.

मॅडम तिथंच उभी राहिली. तो उतरता खडक फार मागे राहिला नव्हता. किंवा खाली पळत जायचं, लॉजच्या मालकाला गाठायचं, दोर, माणसं, दिवे. अंधार पडायच्या आत सगळी वर आली असती. यातलं काहीही करता येण्यासारखं होतं. रस्त्यावर कुणी आडवं आलं तर पाय कुठं जायला हवा, हे तिनं शेकडो बायकांना शिकवलं होतं.

पण ती वर आली तर बोलेल. घरात, त्या पंख्याखाली, भावासमोर बसून बोलेल. पट्ट्यातून आधी डावा खांदा काढला, मग उजवा, हे तिनं पाहिलं होतं. आणि मग ती कायमची त्यांच्याकडेच राहील.

आणि घडून गेलेलंच आहे ना हे? मॅडमनं स्वतःला विचारलं. आत्ताच ऐकलं की आपण. ठरलेलं आहे, त्याला आपण काय करणार? हे तिला बरं वाटलं. अंगावर कोरडं पांघरूण पडल्यासारखं. खांदे काढताना यातलं काही ठरलेलं नव्हतं, याची आठवण तिनं पुढे येऊ दिली नाही.

"वहिनी..."

घोगरा, बारीक, दम लागलेला आवाज. आणि तो मागून आला होता. आज दिवसभरात पहिल्यांदाच एखादा आवाज मागून येत होता. पुढचा नव्हे, होऊन गेलेला नव्हे. आत्ताचा.

"वहिनी, पाय मोडलाय गं. अगं, आहेस ना तू?"

ती वळली नाही. एक शब्द पुरला असता. 'आले' एवढाच. तो घशापर्यंत आलासुद्धा, आणि तिथं दुसरं वाक्य आधीच येऊन बसलेलं होतं.

"मला ऐकू आल्या नाहीत," ती म्हणाली.

आवाज थोडा कापला. असा कापून चालणार नव्हतं. दादाला तिचा आवाज ओळखीचा होता. तिनं श्वास घेतला, खांदे सैल केले आणि पुन्हा म्हटलं, हळू, सपाट, जराही न चढता.

"मला ऐकू आल्या नाहीत."

हे बरं झालं. मागून पुन्हा हाक आली, या वेळी तिच्या खऱ्या नावानं, कॉलेजातल्या. त्या नावानं आता तिला दुसरं कुणी बोलवत नसे. ती हाक संपेपर्यंत मॅडम थांबली, आणि मग वाट ओली होती म्हणून एकेक पाऊल नीट बघून टाकत उतरायला लागली.